लेन्सची डबी डिकीत

मागच्या आठवड्यात भाचीचा मेसेज आला. ती पुण्यात हॉस्टेलवर राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "आत्या, लेन्स घालून दोन तास झोपलं तर चालतं ना? इथं सगळ्याजणी झोपतात." मी ऑफिसच्या कॉलवर होते, तरी तो सोडून तिला फोन लावला. बिचारी घाबरली, घरी कुणाला काय झालं की काय म्हणून.

या सदरात मी एरवी पासवर्ड, ऑनलाइन फसवणूक, मोबाईल असलं लिहिते. डोळ्यांची मी काही डॉक्टर नाही. पण या एका विषयात माझा डावा डोळा जाता जाता राहिलाय, तेव्हा आजच्यापुरता एवढा हक्क द्या.

माझा नंबर उणे साडेपाच. चष्मा सहावीपासून, त्यामुळे खानापुरात आमच्या गल्लीत मी कायमची ढापणी. बी. ई. झाले, पुण्यात नोकरी लागली. पहिल्या वर्षी घरी पाहुणे बघायला येणार होते तेव्हा काकू म्हणाली, "चष्मा काढून बस गं, नंतर सांगूया की." बसले. समोरच्या चौघांत मुलगा कोण आणि त्याचा मामा कोण हेसुद्धा मला दिसत नव्हतं. पोह्यांची बशी अंदाजाने पुढे केली. ते स्थळ जमलं नाही, पण पुढच्या पगारात मी लेन्स घेतल्या. आज हे हसत सांगते. तेव्हा मात्र चष्मा लोकांना दिसू नये यासाठी मी बरंच काही केलं, आणि लेन्स घालून झोपणं हे त्यातलंच एक.

दर महिन्या-दोन महिन्यांनी शुक्रवारी रात्री पुण्याहून बेळगावची स्लीपर पकडायची. ऑफिसमधून थेट स्टॉपवर. बॅग डिकीत जायची आणि तिच्यात लेन्सची डबी, सोल्युशन, चष्मा सगळंच. रात्री अकराला बस हलली की आठवायचं, अरे, डबी खालीच राहिली. ड्रायव्हरला कोण थांबवणार? झोपून जायचं. निपाणीच्या आसपास जाग यायची तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं, चारदा पापण्या मिटल्या-उघडल्या की बरं. असं मी तीनेक वर्षं केलं आणि एकदाही काही झालं नाही. नेमकं तेच मला पटवत गेलं की काही होत नाही.

२०१६ च्या गणपतीला झालं. शनिवारी सकाळी घरी पोचले तर डावा डोळा लाल. आजी म्हणाली, "डोळा लाल दिसूलालाय की गं, प्रवासाचं वारं लागलं." तिने गुलाबपाण्याची घडी ठेवली. दुपारी मेडिकलमधून ड्रॉप्स आणले, चिठ्ठी कुणी मागितली नाही. थोडी लाली उतरली, बरं वाटलं. हरतालिकेच्या दिवशी उजेडाकडे बघवेना. पाणी थांबेना आणि बुबुळावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका आरशात मलाच दिसला. बाबांनी स्कूटर बाजूला ठेवून गाडी सांगितली आणि आम्ही बेळगाव गाठलं. पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा रस्ता मी ओढणी तोंडावर घेऊन काढला.

डॉक्टरांनी डोळ्यात पिवळं औषध लावून निळ्या उजेडात बघितलं. जिथं कॉर्नियाची वरची कातडी गेलेली असते तिथं ते औषध हिरवं चमकतं. ठिपका हिरवा झाला. अल्सर. जुन्या लोकांच्या भाषेत जे 'डोळ्यात फूल पडणं', ते अशाच जखमेच्या वणातून पडतं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो लेन्सचा, दुसरा त्या ड्रॉप्सचा. बाटली बघून कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. लाली उतरते, दुखणं कमी होतं, आणि आत जंतू मोकळे सुटतात. नशीब, दोनच वेळा घातले होते.

मग दोन दिवस, दोन रात्री, दर तासाला अँटिबायोटिकचे थेंब. आई मोबाईलवर गजर लावून बसायची. खाली आरती चाललेली आणि मी अंधाऱ्या खोलीत. लेन्स आणि डबी टाकू नका, घेऊन या असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं, कारण कोणते जंतू आहेत ते त्यातून कळू शकतं. डोळा वाचला. वण राहिला, पण बाहुलीपासून बाजूला. रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या डोळ्यात थोडा फाटतो, एवढंच. दोन मिलिमीटर आत असता तर हा लेख मी वेगळ्या सुरात लिहिला असता.

आता हे होतं कसं, कारण भाचीने तेच विचारलं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आपल्याला आरपार दिसलं नसतं. तिला प्राणवायू मिळतो तो बहुतेक बाहेरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून. डोळे मिटले की पुरवठा उघड्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशावर येतो, तो पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांमधून. म्हणून रात्री प्रत्येकाचाच कॉर्निया किंचित सुजतो आणि सकाळी उतरतो. त्यावर लेन्सचं झाकण आलं की सूज वाढते.

अमेरिकेत १९८१ साली सलग ३० दिवस घालायच्या मऊ लेन्सना मान्यता मिळाली. १९८९ मध्ये तिथल्या अभ्यासात आकडे आले: दिवसा घालून रात्री काढणाऱ्या १०,००० जणांत वर्षाला सुमारे ४ जणांना कॉर्नियाचा अल्सर, आणि रात्रभर ठेवणाऱ्यांत सुमारे २१. त्याच वर्षी ३० दिवसांची मर्यादा ७ वर आणली गेली. सगळ्यांना वाटलं दोष प्राणवायूचाच. मग सिलिकॉन हायड्रोजेल आलं, ज्यातून प्राणवायू कितीतरी जास्त जातो. रात्रभर घालायच्या लेन्सच्या चाचण्या ऑस्ट्रेलियाबरोबर आपल्या हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमध्येही झाल्या. २००१ मध्ये अमेरिकेत पुन्हा ३० रात्रींना परवानगी मिळाली.

आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास छापून आला. साध्या मऊ लेन्स फक्त दिवसा: १०,००० मध्ये सुमारे २. त्याच घालून झोपणारे: १९.५. नव्या, भरपूर प्राणवायूच्या लेन्स घालून झोपणारे: २५.४. म्हणजे सूज गेली, संसर्ग मात्र जिथल्या तिथं. आमच्या धंद्यात हे रोज होतं. एक बग सापडतो, दुरुस्त होतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि तक्रारी तेवढ्याच येत राहतात, कारण मूळ दुसरीकडेच असतं. इथं ते मूळ साचलेल्या पाण्यात आहे. जागेपणी पापणी दर काही सेकंदांनी अश्रू फिरवते, डोळा सतत धुतला जातो. झोपेत ते थांबतं. लेन्सवर चिकटलेले जंतू मग तासन् तास त्याच जागी कॉर्नियाला टेकून राहतात. त्यातला सूडोमोनास नावाचा जंतू ओलाव्यात, लेन्सच्या डबीत मजेत वाढतो आणि एकदा आत शिरला की एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरू शकतो.

"पण आत्या, माझ्या खोक्यावर रात्री घातल्या तरी चालतील असं लिहिलंय." लिहिलेलं असतं, काही लेन्सना तशी मान्यता असते हेही खरं. डॉक्टरांनी डोळा तपासून सांगितलं असेल तर तो त्यांचा आणि तुझा प्रश्न. नंबर उतरवायला मुद्दाम रात्री घालायच्या कडक लेन्सही असतात, त्यांचा प्रकार वेगळा, त्या वेळोवेळी तपासणीसह देतात. मात्र खोक्यावरच्या ओळीच्या भरवशावर हॉस्टेलमध्ये झोपू नको. दहा हजारांत पंचवीस म्हणजे फार नाहीत, हे मलाही गणित येतं. मी त्या पंचवीसांतली होते.

दोन तासांचं म्हणशील तर दुपारची डुलकीही झोपच. चुकून लागलीच, तर उठल्या उठल्या लेन्स ओढू नको. ती कोरडी होऊन चिकटलेली असते, ओढली की कॉर्नियाची कातडी खरचटते. लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब घाल, पापण्या मिटत-उघडत थांब, सैल झाली की काढ, आणि तो दिवस चष्म्यावर. लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, धुरकट दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. मेडिकलवाले दादा नव्हेत.

माझ्यापुरतं सांगायचं तर आता बसमध्ये खांद्यावरच्या छोट्या पिशवीत डबी, सोल्युशनची लहान बाटली आणि चष्मा असतो. बस सुटायच्या आधीच लेन्स काढते. प्रवास फारच घाईचा असला तर एकदा वापरून टाकायच्या लेन्स घालते, म्हणजे डबीची भानगड नाही. आणि हो, लग्न झालं, नवऱ्याने मला पहिल्यांदा बघितलं ते चष्म्यातच.

फोन ठेवता ठेवता भाचीने विचारलं, "मग मे महिन्यात खानापूरला आले की मलप्रभेत पोहायला लेन्स चालतात का?" नाही गं. नदीच्या, विहिरीच्या, अगदी नळाच्या पाण्यातही अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला की त्याचा उपचार महिनोन् महिने चालतो. लेन्स नळाखाली धुवायची नाही, घालून अंघोळही नाही. नंबरचे पोहायचे गॉगल मिळतात, पुण्यातूनच करून आण. घाटावर कोण ढापणी म्हणालंच, तर त्याला माझ्याकडे पाठव.