पिकअपची खरेदी : ‘ॲव्हरेज’पलीकडचा हिशेब

शेतमालाच्या वाहतुकीसाठी पिकअप घ्यायचे ठरले की शेतकरी कुटुंबात पहिला प्रश्न निघतो तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा. इंधनाचा खर्च रोजचा असल्याने तो स्वाभाविकही आहे. परंतु केवळ या एका आकड्यावर ७०० सीसीचे आणि २,५०० सीसीचे इंजिन तोलले गेले, तर निर्णय चुकण्याची शक्यता मोठी असते. मालवाहू वाहनाचे काम अंतर कापणे एवढेच नसून माल पोहोचविणे हे आहे. म्हणून एका लिटरमध्ये वाहन किती धावले यापेक्षा, एक क्विंटल माल बाजारात पोहोचविण्यास किती इंधन लागले, हाच तुलनेचा खरा निकष होय.

बाजारात आज इंजिनांची मोठी विविधता आहे. २००५ मध्ये टाटा एस आली तेव्हा तिचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन अवघे ७०२ सीसीचे होते आणि भारक्षमता सुमारे पाऊण टन होती. ‘छोटा हत्ती’ या नावाने ती खेडोपाडी पोहोचली. २०११ मध्ये आलेल्या अशोक लेलँड दोस्तने सुमारे दीड लिटरचे इंजिन आणि सव्वा टनाची क्षमता दिली. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचे अडीच लिटरचे इंजिन त्याहून अधिक भार ओढते. मारुतीच्या सुपर कॅरीत १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन असून ती सीएनजीवरही मिळते. यांच्या ॲव्हरेजची थेट तुलना करताना इंधनातील फरकही विसरता येत नाही. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के अधिक ऊर्जा असते, तर सीएनजी किलोवर विकला जातो. अशा वेळी किलोमीटरमागे पडणारे रुपयेच काय ते तुलनायोग्य ठरतात.

मोठे इंजिन अधिक इंधन घेते यामागे साधे कारण आहे. सिलिंडर जितके मोठे, तितके आतील घर्षण जास्त आणि वाहन जागेवर उभे असतानाही इंजिन फिरते ठेवण्यास लागणारे इंधन जास्त. वाहन रिकामे असो वा भरलेले, हा खर्च होतोच. याउलट लहान इंजिनावर क्षमतेबाहेरचा भार टाकला की ते खालच्या गिअरमध्ये, जास्त फेऱ्यांवर ताणून चालवावे लागते आणि त्याची काटकसर संपते. कोणतेही इंजिन आपल्या ताकदीच्या बऱ्यापैकी वापरावर, पण ताण न येता चालते, तेव्हाच इंधनाचे सर्वाधिक चीज होते.

समजण्यासाठी एक गृहीत उदाहरण घेता येईल. बाजार ६० किलोमीटरवर आहे. लहान वाहन ७५० किलो माल नेते आणि लिटरमागे २० किलोमीटर धावते, तर मोठे १,५०० किलो नेते आणि १२ किलोमीटर धावते. येण्याजाण्याच्या १२० किलोमीटरला लहान वाहनास ६ लिटर, मोठ्यास १० लिटर इंधन लागेल. रोजचा माल ६ क्विंटल असेल, तर लहान वाहनात क्विंटलमागे १ लिटर आणि मोठ्यात सुमारे १.६७ लिटर खर्च होतो. माल १५ क्विंटल झाला की चित्र पालटते. लहान वाहनाच्या दोन फेऱ्यांना १२ लिटर लागतात, मोठ्याची एकच फेरी १० लिटरमध्ये होते. शिवाय चालकाचा वेळ आणि लिलावाची वेळ दोन्ही साधतात. वाहने तीच, आकडे तेच. केवळ मालाचे वजन बदलल्याने निष्कर्ष उलटा झाला.

येथेच एक मोह आडवा येतो. लहान वाहन घ्यायचे आणि त्यात सव्वा टन भरायचे! या मोहाची किंमत टायर, क्लच, ब्रेक आणि प्रसंगी माणसांच्या जिवाने मोजावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एका फेरीत वाचलेले दोन-चार लिटर त्यापुढे नगण्य ठरतात. भूप्रदेशाचाही विचार हवा. तापीकाठच्या सपाट रस्त्याने केळी नेणाऱ्या बऱ्हाणपूरच्या बागायतदाराला जे इंजिन पुरते, ते हिमाचलच्या चढणीवर सफरचंदाच्या पेट्या नेताना अपुरे पडू शकते.

कीड व्यवस्थापनात शेतकऱ्यांनी ‘आर्थिक नुकसान पातळी’ ही संकल्पना आता बरीच आत्मसात केली आहे. कपाशीत एखादा पतंग दिसला म्हणून कोणी फवारणी करीत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आढळले, तरच गुलाबी बोंडअळीविरुद्ध उपाय योजला जातो. नोंद आधी आणि खर्च नंतर, ही ती शिस्त. औषधाच्या काही शे रुपयांसाठी जी शिस्त पाळली जाते, ती लाखो रुपयांचे कर्ज काढून वाहन घेताना मात्र गळून पडते, ही खेदाची बाब आहे.

यावर ‘ऐन हंगामात मोठी गाडी हवीच’ असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. पण हंगामातील वीस-पंचवीस दिवसांसाठी उरलेले वर्षभर अर्धे रिकामे मोठे इंजिन फिरवणे परवडते का, हे तपासले पाहिजे. अनेकांच्या बाबतीत नेहमीच्या मालापुरते लहान वाहन स्वतःचे ठेवून गर्दीच्या दिवसांत मोठे वाहन भाड्याने घेणे, किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत एकत्र माल भरणे, अधिक किफायतशीर ठरेल.

त्यासाठी खरेदीपूर्वी एका हंगामाची वही पुरेशी आहे. भाड्याच्या वाहनाने केलेल्या प्रत्येक फेरीचे अंतर, मालाचे वजन आणि परतीचा भार लिहावा. वाहन घरचे असल्यास टाकी पूर्ण भरून निघावे व परतल्यावर पुन्हा पूर्ण भरावी; भरलेले लिटर हाच खरा खप. विस्तार कार्यकर्त्यांनी खत आणि औषधांच्या हिशेबाप्रमाणे ही वहीही शेतकरी मेळाव्यांत शिकवावी. कंपनीचा आकडा ठरावीक चाचणीतील असतो. बांधावरून बाजारापर्यंतचा आकडा शेतकऱ्याच्या वहीतच मिळेल, आणि कोणते इंजिन घ्यावे याचे उत्तरही तेथेच सापडेल.