बासरी कुणाची?

"आरक्षण हे राजकारण झालं हो, न्याय वेगळा असतो!" मंगळवार पेठेतल्या कट्ट्यापासून परदेशातल्या भाचेमंडळींच्या ईमेलपर्यंत हे वाक्य ऐकून कान किटले. हल्ली त्याला ग्रीक फोडणीही असते. अ‍ॅरिस्टॉटल म्हणे सांगून गेलाय, उत्तम बासरी उत्तम वाजवणाऱ्याला द्या. झालं, वाद संपला!

कसला संपतोय... ते उदाहरण ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात आहे आणि त्याचा रोख बघण्यासारखा आहे. बासऱ्या वाटताना घराणं नि रूप बघू नका, वाजवणं बघा, असं तो म्हणतो. म्हणजे जन्माचा हक्क सांगणाऱ्यांच्याच विरुद्ध! आता हीच फूटपट्टी करवीर संस्थानाला लावा. १८९४ साली शाहू महाराजांच्या हाती कारभार आला, तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. सगळे बासरीवाले एकाच जातीत जन्मतात, की बाकीच्यांच्या हातात बासरी कधी दिलीच नव्हती?

हा पुढचा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटल विचारत नाही. त्याचा राजकीय न्याय स्वतंत्र आणि समान नागरिकांमधला. गुलाम त्यात नाहीत, आदर्श नगरात कारागीरही नागरिक नाही. प्लेटोचा न्याय म्हणजे ज्याने त्याने आपापलं काम करावं. काशाच्या घरात सोन्याचं पोर जन्मलं तर त्याला वर आणा, असं तो म्हणतो खरं. पण सोनं ओळखायचं कुणी? वर बसलेल्यांनीच!

गंमत म्हणजे महाराजही आधी याच वाटेने गेले. १८९९ पासून वेदोक्त प्रकरण पेटलं. आम्ही क्षत्रिय, आमचे विधी वेदोक्त मंत्रांनीच व्हावेत, ही मागणी. टिळकांनी १९०१ मध्ये ‘केसरी’तून तिला विरोध केला. पण या भांडणात उतरंड तशीच राहत होती. आमची पायरी कुठली, एवढाच वाद. ‘ज्याचं त्याला’ हा तत्त्वज्ञांचा न्याय इथेच अडतो. ज्याचं काय, हे ठरवणारा आधीच खुर्चीत बसलेला असतो.

२६ जुलै १९०२ च्या हुकुमाने पायऱ्यांचा वादच बाजूला ठेवला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे मागासलेले. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातली. खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी तक्ता पाठवायचा. कोण सोन्याचा, कोण काशाचा, याची चर्चाच नाही. पुढे १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बासरी दिली आणि शिकवणीही लावली.

आमच्या पेठेत तालमी आहेत. कोवळ्या पोराची जोड मुरलेल्या पैलवानाशी लावली तर वस्तादच आधी शिव्या घालेल. जोड बघून कुस्ती लावण्याला तिथे कुणी ‘राजकारण’ म्हणत नाही. कचेरीच्या दारातच ते का आठवतं?

समोरचा म्हणेल, हा तर राजाचा हुकूम, लोकांना कुणी विचारलं होतं? मान्य. असला न्याय मतांच्या हिशेबात सापडला की नासतो, हेही मान्य. म्हणूनच मला त्या हुकुमातला तिमाही तक्ता सगळ्यात मोलाचा वाटतो. कुणापर्यंत पोचलं, कुणापर्यंत अजून नाही, हे पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. आज मागास कोण, हा प्रश्न जरूर विचारा. पण आकडे घेऊन विचारा, अर्धा अ‍ॅरिस्टॉटल तोंडावर फेकून नको.

लायक कोण, हे तत्त्वज्ञांनी सावकाश ठरवावं. आखाड्यात उतरू कुणाला दिलं, हे आधी बघावं लागतं. ते बघण्याच्या कामाला राजकारण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आम्ही त्याला न्यायच म्हणणार.