साठी, बुद्धी नाठी की रक्तदाब?

म्हातारपणी विसरणे, पाय घासत चालणे, लघवी न आवरणे याला ‘साठी, बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिले जाते. पुष्कळदा दोष केवळ वयाचा नसतो. वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाने मेंदूतल्या केसासारख्या रक्तवाहिन्या कडक, अरुंद होतात; मेंदूच्या आतल्या भागाला रक्त कमी पडते. अर्धांगवायू होतोच असे नाही. जिंतूर-गंगाखेडकडे ‘आता काही त्रास नाही’ म्हणत गोळी बंद करणारे कमी नाहीत. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची खोड! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात वरचा आकडा १२० खाली आणण्याचे उपचार घेतलेल्यांत स्मरण-आकलनातील सौम्य घट कमी आढळली. अर्थात उभे राहताच चक्कर येणाऱ्या वृद्धांचा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपासून तपासणी होते, गोळ्याही मोफत मिळतात.