बाकीचे तिघे कोण?

“जेवायला ये” म्हटले की “आई, मधेच सोडता येत नाही, आमची टीम हरेल!” हे उत्तर आता बहुतेक घरांत ऐकू येते. मैत्रिणींनो, हा निव्वळ बहाणा नसतो बरं का! हे खेळ तसे रचलेलेच असतात. फुगडीला दुसरी लागतेच ना, तसेच.

१९९९ मध्ये अमेरिकेत ‘एव्हरक्वेस्ट’ नावाचा खेळ निघाला. त्यातले राक्षस इतके दांडगे की एकट्यादुकट्याचे ते कामच नव्हे. एकाने मार अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने जखमा भरायच्या, बाकीच्यांनी वार करायचे. जखमा भरणारा मिळेपर्यंत मंडळी खोळंबून बसत आणि बसल्या बसल्या गप्पा मारीत. ओळखी झाल्या त्या अशा. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येही कामांची वाटणी हीच. पुढे २००९ मध्ये त्यात पाच जण आपोआप जुळवून देण्याची सोय आली. खोळंबा संपला; पण माणसे येतात, काम उरकतात आणि अवाक्षर न बोलता निघून जातात, अशी जुन्या खेळाडूंची कुरकुर सुरू झाली. मला ती पटते. नळाच्या रांगेत भांडणे होत, तशा मैत्रिणीही होतच की!

आपली मुले खेळतात त्या ‘बीजीएमआय’मध्ये बहुधा चौघांचा गट असतो. एखादा पडला तर सोबत्याने वेळेत गाठून त्याला उठवायचे. मधेच उठणारा बाकीच्या तिघांना तोंडघशी पाडतो. मुलाला त्याची लाज वाटते, हे काही वाईट लक्षण नाही.

तेव्हा दम देण्याआधी एवढे विचारा, “बाकीचे तिघे कोण?” वर्गातली, शेजारची, मामे-मावसभावंडे असली तर खुशाल खेळू द्या. पण गट अपुरा असला की खेळ अनोळखी गडी जोडून देतो, आणि माइकवरून त्यांचे बोलणे थेट मुलाच्या कानात! शिवीगाळ तर असतेच; एखादा गोड बोलून शाळा, पत्ता, फोटोही विचारतो. मुलगी असेल तर अधिकच जपायला हवे. गडी आपोआप जोडण्याची सोय बंद करता येते, माइकही बंद ठेवता येतो. मुलाकडूनच ते करून घ्या, त्याला सगळे ठाऊक असते.

राहता राहिले जेवण. पुरता चालला तर एक डाव अर्धा तासही घेतो. म्हणून कुकर लावतानाच सांगून ठेवावे, “हा शेवटचा, आता नवा सुरू करू नकोस.” पोळी तव्यावर टाकून हाका मारण्यात अर्थ नाही.