सातशे टनांची अट

करोनाची दुसरी लाट ओसरत असताना महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून दुकानं रात्री 10 पर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळाली. लसीचे दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना मुंबईच्या लोकलचा पास मिळू लागला. देवळं मात्र बंदच राहिली. आणि प्राणवायूची रोजची मागणी 700 टनांवर गेली, तर पुन्हा टाळेबंदी, असंही ठरलं. या सगळ्यात मला पसंत पडली ती ही शेवटची अट.

त्याआधी जूनपासून आपण निर्बंधांच्या पाच स्तरांच्या तक्त्यावर जगत होतो. दर गुरुवारी आकडे, सोमवारपासून नवे नियम. त्यात बाधितांचं प्रमाण मोजायचं, आणि ते तर तपासणी कोणाची केली त्यावर हलतं. लक्षणं असलेल्यांपुरती केली की चढतं, बाजारात सरसकट केली की उतरतं. रोज किती टन प्राणवायू लागला, यात मात्र फारशी हातचलाखी करता येत नाही. एप्रिलमध्ये मागणी दीड हजार टनांपुढे गेली, राज्याचं उत्पादन पुरेना, तेव्हा कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले. ती धावपळ पाहिलेल्याला 700 चा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण हा आकडा उशिरा बोलतो. आज लागण झालेल्याला प्राणवायू लागला तर तो साधारण दीड-दोन आठवड्यांनी. म्हणजे 700 गाठले गेले असते, तेव्हा पुढच्या आठवड्याचे रुग्ण आधीच ठरलेले असते. म्हणून नुसती मागणी नको, तिचा वेगही पाहायला हवा होता. आठवड्यात ती दुप्पट झाली असती, तर 400 वरच हालचाल व्हायला हवी होती. व्यापारी ओरडले असते, तर ओरडू द्यायचं.

दुसरं, माणसं कोण मोजत होतं? प्राणवायूचे प्रकल्प महिन्या-दोन महिन्यांत उभे राहतात. अतिदक्षता विभाग सांभाळणारी परिचारिका तशी उभी राहत नाही. जूनमध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या, त्यांच्या मागण्यांत रिक्त जागा भरण्याची मागणी होती. लाटेत कंत्राटावर घ्यायचं, लाट ओसरली की घरी पाठवायचं, आणि वर खाटा इतक्या टक्के रिकाम्या आहेत म्हणून निर्बंध उठवायचे, हा हिशेब कागदावरच जुळतो. रात्रपाळीला कोणी नसेल तर ती खाट म्हणजे नुसतं लोखंड.

राहिली लोकल. रुग्णालयांवरचा भार हाच निकष होता, तर दोन डोसवाल्यांना आधी सोडणं योग्यच होतं. त्यांना खाट लागण्याची शक्यता कमी. पण कोविशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा 84 दिवसांचं अंतर होतं, वर हे 14. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिली लस मिळालेल्या पंचविशीतल्या कामगाराला पास मिळेपर्यंत सप्टेंबर सरणार होता. सरकारी केंद्रावर त्याला मे महिन्यात लस मिळाली नाही, ती साठा नव्हता म्हणून. तोवर बदलापूरहून दादरला त्याने रस्त्याने यायचं, तर त्या भाड्याचा काही भाग सरकारने उचलायला हवा होता.