समुद्रावरचा निळा झेंडा

मागच्या रविवारी वंदनेनंतर विहारातच महिला मंडळाची बैठक झाली. बचतीचा हिशेब वाचून झाला आणि या हिवाळ्यात समुद्राची सहल काढायची, असा विषय निघाला. आम्ही म्हणालो, "अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्याला निळा झेंडा मिळालाय, तिकडेच जाऊ." मागे बसलेल्या एका मावशींनी लगेच विचारले, "तिथं बी आपलीच वस्ती हाय का भाऊ?"

सगळ्यांबरोबर आम्हीही हसलो. पण मावशींचे काय चुकले? आमच्या घरांवर, चौकात, मोर्चात निळा झेंडाच असतो. समुद्रावरचा निळा झेंडा वेगळा. इंग्रजीत त्याला 'ब्लू फ्लॅग' म्हणतात. १९८५ साली फ्रान्समध्ये त्याची सुरुवात झाली आणि आज डेन्मार्कमधील एक पर्यावरण शिक्षण संस्था तो जगभरातल्या किनाऱ्यांना देते. त्यासाठी ३३ अटी आहेत. भारतात २०२० च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा आठ किनाऱ्यांना तो मिळाला, त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. २०२५ साली मात्र आपल्या राज्यातली पाच नावे जाहीर झाली. रायगड जिल्ह्यातले नागाव आणि श्रीवर्धन, रत्नागिरी जिल्ह्यातले गुहागर आणि लाडघर, आणि पालघर जिल्ह्यात डहाणूचा पारनाका.

वाचक विचारतील, आम्हा जालन्याच्या माणसांना याचे काय? आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा दिवस हाच सणाचा दिवस. त्यात आंघोळीच्या समुद्राच्या अटी कशाला वाचत बसायच्या?

कारण आहे, आणि ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो.

आमच्या वस्तीतल्या पन्नाशीपुढच्या दहा माणसांना विचारा, पोहता येते का? एखाद्याला येत असेल. बायकांत तर एकही सापडणार नाही. मराठवाड्यात पोहणे शिकायचे ते विहिरीत. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधायचा आणि काकाने वरून ढकलायचे. पण त्यासाठी विहीर आपली असावी लागते, नाहीतर निदान तिच्यात उतरू देणारी माणसे असावी लागतात. आमच्या आजीला गावच्या विहिरीवर कोणीतरी वरून ओतील तेव्हा घागर भरून मिळायची. जिथे ओंजळभर पाण्यासाठी तिष्ठत उभे राहायचे, तिथे उडी कोण मारू देणार? पाणी पिण्याचा हक्क बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बजावला. पाण्यात मोकळेपणी उतरण्याचे शिक्षण मात्र आमच्या घरांत अजून पोहोचलेले नाही. गाव सोडून शहरात आलो, तर इथे टँकर आणि ड्रम. पोरे पोहणार कुठे?

समुद्र आम्ही पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीच्या मागे. तिथे अभिवादनाला जातो. वाळूत उभे राहून लांबून लाटा पाहतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. आंघोळीसाठी, मौजेसाठी समुद्रावर जाणे ही आमच्या लोकांसाठी नवी गोष्ट आहे. नवी असल्यामुळेच धोक्याची.

काही वर्षांपूर्वीची आमचीच चूक सांगतो. वैशाख पौर्णिमेची सुट्टी होती. दोन जीपगाड्या करून आम्ही वीसेक जण कोकणातल्या एका किनाऱ्यावर गेलो. झेंडा नाही, फलक नाही, जीवरक्षक नाही. सकाळी लाटा वाळूच्या वरपर्यंत येत होत्या म्हणून सगळे काठावरच भिजले. दुपारी भाकरी खाल्ली. दोन वाजता पाहतो तर पाणी मागे सरलेले आणि समोर एका पट्ट्यात लाटा अगदी कमी. तिथे पाणी शांत आहे म्हणून आम्हीच मुलांना तिकडे पाठवले. बारावीतला एक मुलगा कमरेइतक्या पाण्यातून पाहता पाहता गळ्याइतक्या पाण्यात गेला. त्याचा मामा त्याला धरायला गेला, तोही ओढला गेला. जाळे सुकवीत बसलेल्या दोघा कोळी बांधवांनी होडी लोटली म्हणून दोघे परत आले. मुलाच्या आईने पुढे वर्षभर आमच्याशी नीट बोलणे टाळले. आम्ही तिला दोष देत नाही.

चूक काय झाली ते नंतर समजले. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी जास्तीत जास्त वर चढते आणि तितकेच खाली जाते. याला उधाणाची भरती म्हणतात. कोकणातले लोक एक सोपा हिशेब सांगतात. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या जेवणानंतर, नेमकी आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा, उधाणाची ओहोटी जोरात होती. आणि ज्या पट्ट्यात लाटा फुटत नव्हत्या, तिथूनच किनाऱ्यावर आलेले पाणी माघारी खोल समुद्राकडे धावत होते. शांत दिसणारे पाणी सगळ्यात ओढीचे होते.

आम्ही तिथी-मुहूर्त मानत नाही. पण चंद्र आणि पाणी यांचा हा संबंध मुहूर्ताचा नाही, विज्ञानाचा आहे. आपल्या सुट्ट्या आणि कार्यक्रम पौर्णिमेला असतात, म्हणून आपण तर हे पाठच करायला हवे. पौर्णिमेला विहारात जावे. समुद्राला अष्टमी बरी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपते आणि संध्याकाळपर्यंत पाणी हळूहळू चढते. चढउतारही कमी असतो, त्याला भांगाची भरती म्हणतात. हा हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारावे आणि तो म्हणेल तेच ऐकावे.

आता निळ्या झेंड्याकडे. ३३ अटी इथे देत बसत नाही. आपल्या कामाच्या तेवढ्या सांगतो. आंघोळीच्या पाण्याची वेळोवेळी तपासणी करावी लागते. मैल्यातून येणारे जंतू किती आहेत ते पाहतात आणि निकाल फलकावर लावावा लागतो. सांडपाणी किनाऱ्यावर सोडता येत नाही. स्वच्छतागृहे, कपडे बदलायच्या खोल्या, प्रथमोपचार, जीवरक्षक आणि सुटकेची साधने लागतात. अपंगांना वाळूपर्यंत जाता यावे अशी सोय लागते. कपडे बदलायच्या खोलीचे ऐकून बैठकीतल्या बायकांनी माना डोलावल्या. ओल्या लुगड्यात, लोकांच्या नजरा झेलत जीपपर्यंत चालत जाण्यापेक्षा काठावर बसणे बरे, असे म्हणून कित्येक जणी आजवर पाण्यात उतरलेल्याच नाहीत. पुरुषांच्या हे लक्षातच येत नाही. आमच्याही आले नव्हते.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. हा झेंडा कायमचा नसतो. दर हंगामाला नव्याने मिळवावा लागतो आणि अटी मोडल्या तर उतरवावा लागतो. म्हणून गेल्यावर आधी झेंडा फडकतो आहे का ते पाहावे आणि फलक वाचावा. शिवाय तो अख्ख्या गावच्या किनाऱ्याला नसतो, आखून दिलेल्या पट्ट्याला असतो. आंघोळ त्या पट्ट्यातच करावी. बोटींचे खेळ चालतात तिकडे मुलांना नेऊ नये. दुसरे असे, की पाणी स्वच्छ आहे म्हणजे ओढ नाही, असे नव्हे. त्यासाठी वेगळे झेंडे असतात. वर लाल आणि खाली पिवळा, असे झेंडे रोवलेले असतील तर त्यांच्यामधल्या पाण्यावर जीवरक्षकाची नजर आहे. नुसता लाल असेल तर पाण्यात जायचे नाही. कोणी ओढला गेला तर मागोमाग उडी घ्यायची नाही. जीवरक्षकाला हाक मारायची आणि दोरी, बंद झाकणाचा रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकायचे. ओढ्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, पाण्यावर तरंगत राहून आडवे सरकावे, असे सांगतात. पण ज्याला पोहताच येत नाही त्याने गुडघ्यापुढे जायचेच नाही, हा आमच्या सहलीचा नियम. साडी पाण्यात जड होते आणि पायात गुंडाळते, तेव्हा सलवार-कमीज बरी.

मार्ग आम्ही असा ठरवला आहे. जालन्याहून रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघायचे, सकाळी मुंबई. तिथून गेटवे ऑफ इंडिया आणि लाँचने तासाभरात मांडवा. लाँचवाले त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंत बस देतात. नागाव तिथून आठेक किलोमीटर. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, आणि तसेही त्या दिवसांत समुद्रात उतरण्याचे नाव काढू नये. एक मुक्काम घरगुती निवासात करायचा. जे वीस मार्चला गाडी करून महाडला जातात त्यांना श्रीवर्धन सोयीचे. माणगाव, म्हसळा असा रस्ता आहे, दोन-अडीच तास लागतात.

खर्चाचे अंदाजपत्रक करणे हे आमचे रोजचेच काम. आम्हा सरकारी कारकुनांना रजा प्रवास सवलत तरी आहे. लोखंडाच्या कारखान्यात बारा तास भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याला सवलत सोडा, सलग दोन दिवस सुट्टी मागायची चोरी. त्याचे दोन दिवसांचे खाडे आम्ही खर्चातच धरले आहेत, कारण त्याच्या घरी सहल म्हणजे तिकीट अधिक बुडालेली मजुरी. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० साली बंद केली. एस. टी. त मात्र २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. म्हणून येताना पनवेल-पुणे मार्गे एस. टी. ने यावे असा एक विचार आहे. वेळ जास्त लागेल, पण घरटी खर्च बराच खाली येतो. महिन्याला दोनशे रुपये प्रमाणे भिशीत जमा सुरू झाली आहे. तारीख पौष शुद्ध अष्टमीच्या जवळचा शनिवार-रविवार.

यादीत चोवीस नावे झाली. तो बारावीतला मुलगा आता नोकरीला लागला आहे. दोन वर्षे शहरातल्या तलावावर जाऊन तो पोहायला शिकला. वस्तीतल्या मुलांना शिकवायला तो तयार आहे, पण तलावाची फी आठ मुलांची कशी भरायची ते पुढच्या बैठकीत ठरेल. त्याच्या आईनेही आपले नाव दिले आहे. नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, 'पाण्यात जाणार, गुडघ्यापर्यंत.'