हौशी छायाचित्रकाराचा कॅमेरा : पारख कशी करावी?

व्यापारी माणसाला मालाची पारख शिकवावी लागत नाही. कापडाचा तागा हाती आला की तो प्रथम पोत पाहतो, मग वीण पाहतो. लेबल सर्वांत शेवटी वाचतो. तोच गृहस्थ कॅमेऱ्याच्या दुकानात शिरला की हा क्रम उलटा होतो. किती मेगापिक्सेल, किती आयएसओ, मॉडेल यंदाचे की गतवर्षीचे, एवढ्या चौकशीवर मोठी रक्कम मोजली जाते. काही महिन्यांनी तो कॅमेरा कपाटात पडून राहतो आणि घरातील कार्याची छायाचित्रे पुन्हा मोबाइलवरच काढली जातात. म्हणून या लेखात एका प्रत्यक्ष कॅमेऱ्याच्या आधाराने पारखीची रीत पाहू.

आपला ग्राहक कोण, हे आधी ठरवले पाहिजे. छायाचित्रणावर ज्याची उपजीविका नाही, परंतु शटरचा वेग, अॅपर्चर आणि आयएसओ यांचा मेळ जो स्वतः घालतो, असा मुरलेला हौशी छायाचित्रकार आपल्यासमोर आहे. याच वर्गासाठी निकॉन कंपनीने मार्च २०१५ मध्ये डी ७२०० हा कॅमेरा आणला. त्याचे उत्पादन आता थांबले आहे. जुन्या मालाच्या बाजारात मात्र तो आजही मागितला जातो. त्याचे गुणदोष सर्वज्ञात असल्यामुळे तपासणीस तो सोयीचा आहे.

पहिला आकडा मेगापिक्सेलचा. या कॅमेऱ्याचे चित्र ६००० × ४००० बिंदूंचे, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे असते. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर २० इंच लांब आणि सुमारे १३ इंच रुंद चित्र छापता येते. १२ मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यातून त्याच दर्जाचे चित्र सुमारे १४ इंच लांब निघे. म्हणजे मेगापिक्सेल दुप्पट झाले, तरी चित्राची लांबी सुमारे १.४ पटच वाढली. दिवाणखान्यातील भिंतीवर लावायच्या चित्रास २४ मेगापिक्सेल पुरेसे होतात. त्यापुढील प्रत्येक आकड्याला पैसे मोजण्यापूर्वी, आपण एवढे मोठे चित्र वर्षातून किती वेळा छापतो, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

दुसरा विषय अंधूक प्रकाशाचा. डी ७२०० ची आयएसओ मर्यादा २५,६०० पर्यंत जाते. पण ही मर्यादा म्हणजे दर्जाची हमी नव्हे. आयएसओ चढत जाईल तसे चित्रात दाणे दिसू लागतात आणि रंगांचा ताजेपणा उतरतो. येथे खरी मदत लेन्स करते. कॅमेऱ्यासोबत सहसा मिळणाऱ्या झूम लेन्सचे अॅपर्चर लांबच्या टोकाला एफ/५.६ एवढेच उघडते. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स त्याच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. ज्या मंडपात पहिल्या लेन्सला आयएसओ ६४०० लागेल, तेथे दुसरीचे काम सुमारे ६४० वर भागते. कॅमेरा तोच, परंतु चित्रात जमीनअस्मानाचा फरक. अर्थात एफ/१.८ वर स्पष्टतेची खोली फार थोडी असते. वधूचा एकटीचा चेहरा सुरेख येईल. तीन रांगांच्या कौटुंबिक छायाचित्रासाठी अॅपर्चर लहानच करावे लागेल.

तिसरी बाब विश्वासार्हतेची, आणि घरच्या कार्यात हीच सर्वांत मोलाची ठरते. सप्तपदी दुसऱ्यांदा होत नाही. डी ७२०० मध्ये मेमरी कार्डांसाठी दोन खाचा आहेत. प्रत्येक चित्र दोन्ही कार्डांवर एकाच वेळी नोंदवण्याची सोय आहे. एक कार्ड बिघडले तरी दुसरी प्रत हाती राहते. दुहेरी नोंदीचे महत्त्व हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. २०१७ मध्ये आलेल्या डी ७५०० या पुढच्या मॉडेलमध्ये वेग सेकंदाला ६ चित्रांवरून ८ वर गेला, पडदा कलता झाला, ४के चलच्चित्रणही आले. पण कार्डाची खाच एकच उरली. नवे मॉडेल सर्वच अंगांनी श्रेष्ठ असते, हा समज या उदाहरणाने दूर व्हावा.

उणिवाही तितक्याच मोकळेपणाने मांडायला हव्यात. डी ७२०० चा पडदा स्थिर आहे; जमिनीलगतचे वा डोक्यावरून चित्र घेताना मान आणि कंबर दोन्ही वाकवावी लागतात. पडद्यावर पाहून चित्र घेताना स्वयंचलित फोकस संथ चालतो, म्हणून चलच्चित्रणाची आवड असणाऱ्याने दुसरीकडे पाहावे. बॅटरी व कार्डासह वजन ७६५ ग्रॅम आहे, लेन्सचे वेगळे. दिवसभर गळ्यात बाळगण्याची तयारी आहे का, हे दुकानातच अर्धा तास हाताळून ठरवावे. जो कॅमेरा जड म्हणून घरी राहतो, त्याचे सर्व गुण वाया जातात.

चौथी बाब भांडवलाची. कॅमेऱ्याचे मूल्य दरवर्षी उतरते. चांगली लेन्स दोन-तीन कॅमेरे पार करून टिकते. निकॉनची एफ माउंट पद्धत १९५९ पासूनची आहे. डी ७२०० मध्ये फोकसची मोटर कॅमेऱ्यातच असल्याने जुन्या एएफ-डी लेन्सही त्यावर आपोआप फोकस होतात. २०१८ पासून निकॉनने आरसा नसलेली झेड मालिका आणली. तिच्यावर जुन्या लेन्स एफटीझेड जोडणीने बसतात खऱ्या, परंतु या जोडणीत मोटर नसल्यामुळे एएफ-डी लेन्सचा फोकस हातानेच करावा लागतो. घरात वडिलांच्या वेळच्या लेन्स असतील, तर नव्या पद्धतीकडे वळण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. काहीच नसेल आणि नव्याने आरंभ करायचा असेल, तर आरसा नसलेले कॅमेरे अवश्य पाहावेत, कारण कंपन्यांचे नवे संशोधन आता तिकडेच चालू आहे.

जुना माल घेताना पुढील तपासणी चुकवू नये. आपले स्वतःचे कार्ड घालून चित्रे घ्यावीत आणि ती घरच्या संगणकावर मोठी करून पाहावीत. चित्राच्या फाइलमध्ये शटर किती वेळा उघडले याची नोंद असते. या कॅमेऱ्याचे शटर कंपनीने १,५०,००० वेळांपर्यंत तपासलेले आहे, त्या मानाने किती आयुष्य सरले ते कळते. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचे चित्र घेतल्यास सेन्सरवरील धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून बुरशीचे तंतू शोधावेत. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हा धोका फार; म्हणून घरीही लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, चामड्याच्या बंद पिशवीत कधीही नाही. पक्के बिल मागावे. नवा कॅमेरा घेताना भारतातील कंपनीची हमी आहे की माल परस्पर बाहेरून आला आहे, हेही विचारावे.

तात्पर्य असे. ज्याची हौस स्थिर छायाचित्रांची आहे, ज्याच्या घरी कार्यप्रसंग वारंवार असतात आणि जो वजनाला भीत नाही, त्याने चांगल्या स्थितीतील डी ७२०० घेऊन उरलेली रक्कम एका उत्तम लेन्सला लावावी. चलच्चित्रण वा हलके ओझे हवे असणाऱ्याने तो घेऊ नये. कोणत्याही कॅमेऱ्यासाठी प्रश्नांचा क्रम मात्र हाच ठेवावा: काम कोणते, लेन्स कोणती, हाताला कसा बसतो, आणि मगच आकडे किती.